पिवळी बस आणि डिस्ट्रिक्टचे निरोप: अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी आईबाबांसाठी

मुलाला अमेरिकेतल्या शाळेत घालून आठवडा झाला की बहुतेक घरांत एकच चित्र असतं. फोनवर दिवसाला पाच-सहा निरोप येऊन पडतात, त्यांतला कामाचा कुठला ते कळत नाही. आणि सकाळी साडेसातला पाच वर्षांचं पोर एका भल्यामोठ्या पिवळ्या बसमध्ये एकटं चढून निघून जातं. पुण्यात रिक्षाकाका फाटकाशी येऊन हॉर्न वाजवायचे, दप्तर हातातून घ्यायचे, पोर खाली यायला उशीर झाला तर नावाने हाक मारायचे. इथली बस हाक मारत नाही, थांबतही नाही. बसमध्ये मुलांना चढवा-उतरवायला ताई नसते. बहुतेक बसमध्ये मोठं माणूस एकच, ते म्हणजे ड्रायव्हर.

आम्हाला न्यू जर्सीत येऊन नऊ वर्षं झाली. दोन्ही मुलं बसनेच जातात. दर सप्टेंबरात आमच्या थांब्यावर एखादं तरी नवं मराठी कुटुंब भेटतं आणि त्यांचे प्रश्न तेच असतात जे आम्हाला पडले होते. त्यांना तोंडी जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवातीलाच मनातली भीती योग्य जागी ठेवूया. बस धोक्याची नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याच्या हिशेबाने गाडीपेक्षा स्कूलबसने जाणारं मूल सुखरूप शाळेत पोचण्याची शक्यता सुमारे ७० पट जास्त असते. स्कूलबसशी संबंधित अपघातांत जी मुलं दगावतात त्यांत बसमध्ये बसलेल्यांपेक्षा रस्त्यावर पायी असलेली जास्त असतात. म्हणजे जपायचं आहे ते बसच्या पायरीपासून घराच्या दारापर्यंतचं अंतर. त्या अंतरात काय बदललं, थांबा हलला का, वेळ बदलली का, आज शाळा लवकर सुटणार का, हे सगळं डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, निरोपांतून कळतं. म्हणून बस आणि निरोप हे दोन विषय मी वेगळे काढत नाही.

आधी पत्ता, मग शाळा

आपल्याकडे शाळा आधी ठरते आणि मग बस किंवा व्हॅन लावली जाते. इथल्या सरकारी शाळांत घराच्या पत्त्यावरून डिस्ट्रिक्ट ठरतो, डिस्ट्रिक्टच्या नकाशावरून शाळा आणि शाळेवरून बस. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळा चालवणारी स्थानिक सरकारी संस्था. नगरपालिकेसारखी, पण फक्त शाळांपुरती. तिचं मंडळ, म्हणजे स्कूल बोर्ड, बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं असतं. रोजचा कारभार सुपरिंटेंडेंट बघतो. पैशाचा मोठा वाटा घरांवरच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो. न्यू जर्सीत बऱ्याच टाउनशिपचा स्वतःचा डिस्ट्रिक्ट असतो, व्हर्जिनियात सहसा अख्ख्या काउंटीचा एक, टेक्ससमध्ये त्यालाच आयएसडी (इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट) म्हणतात आणि हवाईत तर पूर्ण राज्याचा मिळून एकच आहे. त्यामुळे न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या मावसबहिणीचा सल्ला टेक्ससच्या डॅलसमध्ये जसाच्या तसा चालत नाही. नियम आपल्याच डिस्ट्रिक्टचे वाचावे लागतात.

अपार्टमेंटच्या लीजवर सही करण्याआधी डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर पत्ता घालून शाळा कुठली येते ते स्वतः बघा. लीजिंग ऑफिसातल्या माणसाच्या शब्दावर जाऊ नका. रस्त्याच्या या बाजूला एक शाळा आणि समोरच्या बाजूला दुसरी, असं सर्रास असतं.

शाळा सुरू व्हायची तारीखही सगळीकडे एक नाही. न्यू जर्सी-न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेच्या सुमारास, टेक्ससमध्ये ऑगस्टच्या मध्याला, तर अटलांटाच्या आसपास ऑगस्ट उजाडताच. भारतातून जुलैअखेर निघायचा बेत असेल तर हे आधी तपासा, कारण बसचे मार्ग शाळा सुरू व्हायच्या थोडे दिवस आधी ठरतात आणि उशिरा नोंदलेल्या मुलाला बस मिळायला वेळ लागतो.

नोंदणी करतानाच निरोपांची वाट मोकळी करा

नोंदणीला लीजची प्रत, वीजबिलासारखा पत्त्याचा दुसरा पुरावा, जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद लागते. लसीच्या कार्डावर मात्र नीट लक्ष द्या. आपल्या कार्डावर ०५/०८ लिहिलं असेल तर ते ५ ऑगस्ट असतं. इथली शाळेची नर्स ते ८ मे वाचते. मग दोन डोसांमधलं अंतर चुकीचं दिसतं आणि लस पुन्हा घ्यायला सांगतात. निघण्याआधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून महिन्याचं नाव अक्षरी लिहिलेली, सही-शिक्क्याची यादी घेऊन या. काही ठिकाणी टीबीची तपासणी मागतात. आपल्या मुलांना बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. डॉक्टरांना बीसीजीचं आठवणीने सांगा आणि त्याऐवजी रक्ताची चाचणी होईल का ते विचारा.

व्हिसाच्या कागदांची धास्ती बाळगू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालानंतर मुलाच्या इमिग्रेशन स्थितीवरून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

आता फोन नंबर. पहिल्या आठवड्यात इथलं सिमकार्ड नसतं म्हणून अनेकजण फॉर्मवर भारतातला नंबर देतात, किंवा कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या घराचा पत्ता देतात. मग घर बदलतं, नंबर बदलतो आणि शाळेकडची नोंद तशीच राहते. बर्फामुळे बस दोन तास उशिरा येणार हा निरोप बंद पडलेल्या नंबरवर जातो आणि मूल थांब्यावर कुडकुडत उभं राहतं. नंबर किंवा पत्ता बदलला की त्याच दिवशी पालकांच्या पोर्टलवर बदला आणि शाळेच्या ऑफिसला फोन करून खात्री करून घ्या.

आणीबाणीत कोणाला बोलवायचं त्या रकान्यात दोन स्थानिक माणसांची नावं लागतात. नव्या माणसाला इथे कोण असणार, असं वाटतं. ऑफिसमधला सहकारी, वरच्या मजल्यावरची शेजारीण, कोणीही चालतं. फक्त त्यांना आधी विचारा आणि त्यांच्याकडे फोटो असलेलं ओळखपत्र असू द्या. त्या यादीत नाव नसलेल्या माणसाच्या हाती शाळा मूल देत नाही, मग तो सख्खा काका का असेना.

त्याच फॉर्मबरोबर घरी कुठली भाषा बोलता हा प्रश्न येतो. मुलाला खालच्या वर्गात बसवतील या भीतीने कित्येक आईबाबा तिथे इंग्रजी लिहितात. मी आग्रहाने सांगते, मराठी बोलत असाल तर मराठीच लिहा. मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी होते, गरज असली तर जादा मदत मिळते, नसली तर काही फरक पडत नाही. पालकांना इंग्रजी अवघड जात असेल तर महत्त्वाची माहिती समजेल अशा भाषेत देणं ही शाळेची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि त्यासाठी दुभाषा विनामूल्य मागता येतो.

कुठला निरोप कशासाठी

निरोप एका वाटेने येत नाहीत, हीच पहिली अडचण. गुण आणि हजेरी एका पोर्टलवर. कुठे पॉवरस्कूल, कुठे इन्फिनिट कॅम्पस, कुठे जेनेसिस. शाळेचे निरोप पॅरेंटस्क्वेअरसारख्या ॲपवर, कार्यक्रमांची पत्रकं पीचजारवर, वर्गशिक्षिकेचे फोटो क्लासडोजोवर आणि बस कुठवर आली ते पाचव्याच ॲपवर. पहिल्या आठवड्यात एक संध्याकाळ काढा, ही सगळी ॲप आई आणि बाबा दोघांच्याही फोनवर घ्या आणि सूचना चालू करा. दोघांच्याही, हे महत्त्वाचं. एकाच्या फोनवर असलं की तो माणूस मीटिंगमध्ये असताना निरोप कोणीच वाचत नाही.

डिस्ट्रिक्टचा आपोआप येणारा फोन पहाटे पाचलाही येतो. नको असलेल्या फोनना कंटाळून आपण अनोळखी नंबर गप्प करून ठेवतो, त्यात हाही गप्प होतो. पहिला फोन आला की तो नंबर नावाने जतन करा. ईमेलचंही तेच; स्पॅममध्ये गेलं असेल तर बाहेर काढा.

थंडीच्या दिवसांत तीन शब्द ओळखीचे करून घ्या. डिलेड ओपनिंग म्हणजे शाळा उशिरा भरणार; दोन तासांचा डिले असेल तर सात चाळीसची बस साधारण नऊ चाळीसला येते. क्लोज्ड म्हणजे सुट्टी. अर्ली डिसमिसल मात्र सर्वांत जास्त घोळ घालतं. दुपारी बर्फ वाढणार म्हणून शाळा मधेच सोडतात, बस एक-दीडला दारात येते आणि घरी कोणी नसतं. त्या दिवशी मुलाला कोण घेणार हे ऑक्टोबरमध्येच ठरवून ठेवा. शेजारच्या घराशी परस्पर कबुली करून ठेवली तर दोघांचंही काम होतं.

आता एक नाजूक विषय. शाळेतल्या सुरक्षेचे निरोप वाचून नव्या आईबाबांच्या पोटात गोळा येतो. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये स्टँडर्ड रिस्पॉन्स प्रोटोकॉल, म्हणजे संकटात काय करायचं याची ठरलेली पद्धत, वापरतात आणि त्यातले शब्द नेमके असतात. होल्ड म्हणजे मुलं आपापल्या वर्गात थांबली आहेत, कॉरिडॉर मोकळा हवा; एखाद्या मुलाला चक्कर आली तरी होल्ड लागतो. सिक्युअर म्हणजे धोका शाळेच्या बाहेर, परिसरात आहे. बाहेरची दारं बंद, आत शिकवणं चालू. लॉकडाउन म्हणजे धोका आत आहे किंवा असू शकतो. दारं बंद, दिवे बंद, मुलं नजरेआड. शिवाय शेल्टर म्हणजे आसरा घेणं आणि इव्हॅक्युएट म्हणजे इमारत सोडणं. निरोपात शब्दाबरोबर ड्रिल असं लिहिलं असेल तर तो सराव आहे. खरोखरीचा लॉकडाउन असला तर शाळेकडे गाडी दामटू नका. पोलिसांच्या आणि रुग्णवाहिकांच्या वाटेत गर्दी होते. मुलांना कुठे ताब्यात देणार ते निरोपात येतं, तिथे ओळखपत्र घेऊन जायचं. मुलालाही एवढंच सांगा की बाई सांगतील ते करायचं आणि गप्प राहायचं. लहान मुलांना याहून जास्त तपशील देऊ नये असं माझं मत आहे.

सुपरिंटेंडेंटचं पत्र लांबलचक असतं, पण त्यात तीन गोष्टी शोधायची सवय लावा: शाळांच्या हद्दी बदलणार आहेत का, शाळेच्या वेळा बदलणार आहेत का आणि बसबद्दल काही आहे का. बाकी कौतुकाचे फोटो सवडीने बघा.

बस मिळणार का?

प्रत्येकाला मिळत नाही. न्यू जर्सीत आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून २ मैलांहून लांब असेल आणि नववीपुढच्याचं अडीच मैलांहून लांब, तर डिस्ट्रिक्टला वाहतुकीची सोय करावीच लागते. अंतर सरळ रेषेत नाही, रस्त्याने मोजतात. त्याहून जवळ असाल तर काही डिस्ट्रिक्ट पैसे भरून जागा देतात. त्याचे अर्ज आधीच्या वसंतात निघतात आणि लवकर संपतात. कॅलिफोर्नियात साधारण मुलांसाठी बस द्यायचं डिस्ट्रिक्टवर कायद्याने बंधनच नाही, त्यामुळे बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, बऱ्याच घरांत आई किंवा बाबाच गाडीने सोडतात. मुलाला विशेष गरजा असतील आणि त्याच्या आयईपीमध्ये, म्हणजे त्याच्यासाठी शाळेने लिहिलेल्या स्वतंत्र शिक्षणयोजनेत, वाहतूक लिहिलेली असेल तर अंतराचा प्रश्न येत नाही, सोय मोफत मिळते. त्या बैठकीत हा मुद्दा आपणहून काढा.

शाळा सुरू व्हायच्या आधी पोर्टलवर बसचा नंबर, थांबा आणि वेळ येते. ती वहीत लिहा, मुलाच्या दप्तराच्या आतल्या बाजूला कार्डावर लिहा आणि एखाद्या संध्याकाळी मुलाचा हात धरून थांब्यापर्यंत चालत जाऊन या. बसचा नंबर आणि मार्गाचा नंबर वेगळा असू शकतो. मुलाला दोन्ही पाठ नको, एक पुरे: परत येताना ज्या पाटीची बस शोधायची तो.

थांब्यावरचे दहा फूट

बसच्या चारही बाजूंच्या दहा फुटांना इथे डेंजर झोन म्हणतात. दहा फूट म्हणजे लहान मुलाची पाच मोठी पावलं. उंच सीटवर बसलेल्या ड्रायव्हरला त्या पट्ट्यातलं लहान मूल, विशेषतः वाकलेलं मूल, दिसत नाही. नियम सगळे याच एका गोष्टीतून निघाले आहेत.

पण त्याआधी एक गोष्ट, जी इथल्या कुठल्याही पत्रकात सापडणार नाही, कारण ती फक्त आपल्यासाठी आहे. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात. रस्ता ओलांडताना पहिली गाडी उजवीकडून येते, म्हणून आपण मुलांना शिकवतो: आधी उजवीकडे बघ, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. ती सवय अंगात मुरलेली असते. इथे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे पहिली गाडी डावीकडून येते. मुलाचीच नाही, आपलीही मान आपोआप चुकीच्या बाजूला वळते. मी पहिला महिनाभर मुलाबरोबर कडेला उभी राहून मोठ्याने म्हणत असे, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि त्याच्याबरोबर मीही शिकले. तुम्हीही असंच करा, आणि मूल मराठी शाळेतून आलेलं असेल तर मराठीतच म्हणा.

वेळेच्या पाच मिनिटं आधी थांब्यावर पोचायचं. रस्त्याच्या कडेपासून तीन मोठी पावलं मागे उभं राहायचं. बर्फाचे ढीग साचलेले असतात तेव्हा मुलं त्यांच्यावर चढतात. तिथून पाय घसरला तर सरळ चाकाकडे येतो, म्हणून ढीग वर्ज्य. बस पूर्ण थांबली, दार उघडलं आणि ड्रायव्हरने खूण केली की मगच पुढे व्हायचं. चढताना कठडा धरायचा.

उतरल्यावर घर पलीकडे असेल तर बसच्या पुढूनच ओलांडायचं, मागून कधीच नाही. बसच्या पुढे पाच मोठी पावलं जायचं, इतकं पुढे की ड्रायव्हरचा चेहरा आपल्याला दिसेल. आपल्याला त्याचा चेहरा दिसला तर त्याला आपण दिसतो. लहान मुलांना हे लगेच समजतं. त्याने हाताने खूण केली की बसच्या कडेपर्यंत यायचं, पुन्हा डावी-उजवीकडे बघायचं आणि मग जायचं. बऱ्याच बसना पुढे एक पिवळा दांडा असतो, बस थांबली की तो आडवा उघडतो. तो मुलांना बसला चिकटून ओलांडू न देण्यासाठीच आहे.

थोरला बालवाडीत होता तेव्हाची गोष्ट. बसमधून उतरताना त्याच्या दप्तराच्या जाळीतली स्टीलची बाटली निसटली, पायरीवर आपटली आणि घरंगळत पुढच्या चाकाजवळ गेली. मी समोरच, आठ-दहा पावलांवर. तो वळला आणि वाकला. माझ्या तोंडून आवाज फुटायच्या आत बसचा हॉर्न वाजला, लांब, सलग. ड्रायव्हरबाईंनी त्याला वाकताना पाहिलं होतं, बस तशीच उभी होती. त्या खिडकीतून बाहेर झुकून मला म्हणाल्या की बाटली मी काढून देते, तो जिथे आहे तिथेच राहू दे. ती पोचा पडलेली बाटली अजून आमच्या ओट्यावर आहे. त्या दिवसापासून आमच्याकडे एकच नियम पाठ आहे: बसजवळ काही पडलं की ते आपलं नाही. वाकायचं नाही, आधी ड्रायव्हरला सांगायचं. गृहपाठाचा कागद असो, मोजा असो, नाहीतर वाढदिवसाला मिळालेली नवी टोपी असो.

कपड्यांकडेही बघा. हुडीच्या गळ्यातल्या लांब दोऱ्या आणि दप्तराचे लोंबते पट्टे कठड्यात अडकून इथे मुलांचे जीव गेले आहेत. दिवाळीच्या सुमारास शाळेत मुली हौसेने परकर-पोलकं किंवा सलवार-कमीज घालून जातात. जरूर घाला, पण ओढणी पिशवीत द्या, शाळेत पोचल्यावर घेता येईल. परकर घोट्याच्या वर असावा, बसची पहिली पायरी उंच असते.

नोव्हेंबरपासून सकाळ काळोखी आणि दुपार लवकर संपणारी असते. आपण मुलांना काळी-निळी जाड जॅकेट घेतो कारण ती मळत नाहीत. निदान दप्तराला चमकणारी पट्टी लावा. बसचा पिवळा रंगही काळोखाचा विचार करूनच ठरला होता. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजचे प्राध्यापक फ्रँक सायर यांनी देशभरातल्या लोकांना बोलावून परिषद भरवली. त्याआधी बस कुठल्याही रंगाच्या असत, एखाद्या गावात तर घोडागाडीतूनही मुलं जात. त्या पिवळ्यावर काळी अक्षरं पहाटेच्या अंधुक उजेडातही वाचता येतात, म्हणून तो निवडला.

बसच्या आत

पहिला प्रश्न पट्ट्याचा. आपल्या गाडीत मुलाला कारसीटमध्ये जखडून बसवायचं आणि बसमध्ये मोकळं, हे कसं? मोठ्या स्कूलबसला संघराज्याच्या नियमाने पट्टे सक्तीचे नाहीत. तिथली रचनाच वेगळी असते. सीटच्या पाठी उंच आणि गादीच्या असतात, सीट एकमेकांजवळ असतात. अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडं जसं खोबणीत राहतं तसं मूल दोन सीटच्या मध्ये राहतं. १९७७ पासून बस अशाच बांधतात. पण ही रचना मूल पाठ टेकून, समोर तोंड करून बसलं तरच उपयोगी. सीटवर गुडघे टेकून मागच्या मित्राशी गप्पा मारणारं मूल त्या खोबणीच्या बाहेर असतं. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, टेक्सस अशा काही राज्यांत पट्ट्यांचा कायदा आहे. तुमच्या बसला पट्टा असेल तर तो लावायचा आणि उतरताना सोडवायचा, याचा घरी सराव करून घ्या. पाच वर्षांच्या बोटांना ती कळ जड जाते.

बसमध्ये खाणं नको. डबा शाळेतच उघडायचा. घशात घास अडकला तर एकट्या ड्रायव्हरला मागे बघता येत नाही, आणि शेजारच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असू शकते. शेंगदाण्याचा लाडू आपल्यासाठी खाऊ, त्याच्यासाठी दवाखाना.

रेल्वेच्या रुळांपाशी बस थांबते, दार उघडते, ड्रायव्हर कान देऊन ऐकतो. तेव्हा मुलांनी एकदम गप्प व्हायचं असतं. १९३८ मध्ये युटात हिमवादळात एक स्कूलबस रुळांवर आली आणि मालगाडीने ती चिरडली. या सवयीमागे तो दिवस आहे.

मित्राच्या घरी खेळायला जायचं म्हणून त्याच्या बसमध्ये बसता येईल असं मुलं गृहीत धरतात. बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि जिथे चालतं तिथे सकाळीच लेखी चिठ्ठी लागते. आज मूल बसने येणार नाही, मी घ्यायला येते, हेसुद्धा शाळेच्या ऑफिसला ठरलेल्या वेळेआधी कळवावं लागतं. शिक्षिकेला दुपारी ईमेल करून भागत नाही. त्या वर्गात असतात, ईमेल बघत नाहीत.

तुम्ही गाडी चालवत असाल तेव्हा

आपल्याकडे एसटी थांबली की बाजूने गाडी काढायची सवय असते. इथे तीच सवय गुन्हा ठरते. बसचे पिवळे दिवे लुकलुकू लागले की बस थांबणार आहे, वेग कमी करा. लाल दिवे लागले आणि बाजूचा स्टॉपचा फलक उघडला की थांबायचं, मागून येत असाल तरी आणि समोरून येत असाल तरी. हे पन्नासही राज्यांत आहे. मध्ये दुभाजक असेल किंवा रस्ता अनेक लेनचा असेल तर समोरच्या बाजूने काय करायचं हे मात्र राज्याप्रमाणे बदलतं. न्यूयॉर्कमध्ये दुभाजक असला तरी थांबावं लागतं. न्यू जर्सीत दुभाजकापलीकडे असाल तर वेग ताशी १० मैलांवर आणून पुढे जाता येतं. तुमच्या राज्याच्या ड्रायव्हिंगच्या पुस्तिकेतलं ते पान आधी वाचा. शंका असली तर थांबा. थांबल्याचा दंड कुठेच नाही.

न थांबल्याचा आहे. न्यूयॉर्कमध्ये पहिल्याच वेळी २५० ते ४०० डॉलर, टेक्ससमध्ये ५०० ते १२५०. व्हर्जिनियात तर तो रेकलेस ड्रायव्हिंग म्हणजे फौजदारी गुन्हा ठरू शकतो, आणि व्हिसावर असलेल्या माणसाने ते हलक्यात घेऊ नये. पण दंड ही दुय्यम गोष्ट. देशभरातल्या ड्रायव्हरांनी एका दिवसात मोजलेल्या गाड्यांवरून काढलेल्या अंदाजात, लाल दिवे न जुमानता बस ओलांडणाऱ्या गाड्यांची संख्या वर्षाला ४ कोटींच्या आसपास जाते. आपलं मूल त्या फलकावर विसंबून रस्त्यात उतरतं. म्हणून त्याला हेही सांगा की फलक उघडला तरी स्वतः बघायचं.

आजी-आजोबा आले असतील तर

सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा थांब्यावरची जबाबदारी आनंदाने घेतात. त्यांचं नाव अधिकृत यादीत घाला, कारण बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये बालवाडीच्या मुलाला घ्यायला मोठं माणूस दिसलं नाही तर ड्रायव्हर मुलाला उतरवत नाही, परत शाळेत नेतो. पहिले दोन दिवस त्यांच्याबरोबर जा आणि ड्रायव्हरला ओळख करून द्या. खिशात एक कार्ड असू द्या: मुलाचं नाव, बसचा नंबर, तुमचा फोन आणि डिस्ट्रिक्टच्या ट्रान्सपोर्टेशन ऑफिसचा फोन. आणि आजोबांना प्रेमाने एक सांगा. नातू पलीकडे उतरला की त्याला रस्त्याच्या पलीकडून हाक मारायची नाही. हाक ऐकली की पोर बघत नाही, धावतं. आजोबांनी स्वतः पलीकडे जाऊन, हात धरून आणायचं.

थांबाच धोक्याचा वाटला तर

धाकटीच्या पहिल्या वर्षी तिचा थांबा एका वर्दळीच्या रस्त्याच्या पलीकडे आला. वळणामुळे गाड्या शेवटच्या क्षणी दिसायच्या. मी ड्रायव्हरकडे तक्रार केली. त्यात माझं चुकलं, थांबा ठरवणं त्यांच्या हातात नसतं. मग ट्रान्सपोर्टेशन ऑफिसला फोन केला, नोंद घेतो म्हणाले, दोन आठवडे काही झालं नाही.

शेवटी त्या थांब्यावरच्या पाच घरांनी मिळून ईमेल लिहिलं. त्यात राग नव्हता, तपशील होते: मार्गाचा नंबर, थांबा, सकाळची वेळ, वळणापासून थांब्यापर्यंतची पावलं, थांब्यावरून काढलेला फोटो आणि पाच दिवसांत लाल दिव्यांना न जुमानता गेलेल्या गाड्यांची आम्ही वहीत केलेली नोंद. कुठे हलवता येईल तेही सुचवलं. प्रत शाळेच्या मुख्याध्यापकांना. स्कूल बोर्डाच्या बैठकीत कोणालाही जाऊन बसता येतं आणि आमच्याकडे लोकांनी बोलायचा वेळ ठरलेला असतो. मतदानाला बहुतेक ठिकाणी नागरिकत्व लागतं, पण आपली अडचण मांडायला लागत नाही. आमच्यातली एक तामिळ शेजारीण तीन मिनिटं बोलली, अगदी हळू आवाजात, वहीतली पानं वाचून. एवढा वेळ कागद चाळणारे दोन सभासद मान वर करून ऐकू लागले. आठ दिवसांनी पोर्टलवर नवा थांबा आला, रस्त्याच्या आमच्या बाजूला, वेळ चार मिनिटं अलीकडे.